सरकारी खर्च : किती झाला यापेक्षा कसा झाला

जगातील सर्व सरकारांचे मिळून कर्ज २०२४ मध्ये शंभर लाख कोटी डॉलरच्या पुढे जाईल, असा अंदाज आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये जाहीर केला. जगात वर्षभरात जेवढे उत्पादन होते, त्याच्या सुमारे ९३ टक्के भरणारी ही रक्कम आहे. अशी बातमी आली की तिच्या पाठोपाठ अर्थमंत्र्यांच्या भाषणात एक वाक्य हमखास येते : ‘खर्चाची कार्यक्षमता वाढवून सार्वजनिक वित्त शाश्वत ठेवू.’ ऐकणाऱ्याला त्यातून एवढेच उमगते की कुठल्यातरी योजनेला कात्री लागणार आहे, आणि ती बहुधा आपल्याच योजनेला.

या वाक्याचा नीट उलगडा करणे गरजेचे आहे, कारण त्यात खरोखर काही अर्थ आहे. बहुतेक सरकारांना पैसा किती गेला याचा पैपैचा हिशेब देता येतो; त्या पैशात काय मिळाले, हे मात्र सांगता येत नाही. हा दुसरा हिशेब जोवर मांडला जात नाही, तोवर कात्री जिथे चालायला नको तिथेच चालते, असे माझे मत आहे आणि पुढचा सारा लेख त्याच्याच स्पष्टीकरणासाठी आहे.

कर्ज झेपते म्हणजे काय?

एका वर्षात सरकारचा खर्च उत्पन्नापेक्षा जेवढा जास्त, तेवढी त्या वर्षाची तूट. आणि वर्षानुवर्षांच्या तुटी साठत गेल्या की होते ते कर्ज. कर्जाचा आकडा एकटा पाहून काहीच कळत नाही. तेवढ्याच रकमेचे कर्ज एका घराला बुडवते आणि दुसऱ्याला जाणवतही नाही, कारण दोघांची कमाई वेगळी असते. म्हणून देशाचे कर्ज सकल देशांतर्गत उत्पादनाशी, म्हणजे वर्षभरात देशात निर्माण होणाऱ्या सर्व वस्तू आणि सेवांच्या एकूण मूल्याशी, ताडून पाहतात.

घराची उपमा मात्र इथेच थांबवावी लागते. घरातला कमावता माणूस एक दिवस निवृत्त होतो, त्याआधी त्याला कर्ज फेडून मोकळे व्हावे लागते. सरकार निवृत्त होत नाही. सरकार पैसे उसने घेते ते रोखे, म्हणजे मुदतीच्या कर्जाची प्रमाणपत्रे, विकून; जुन्या रोख्यांची मुदत संपली की नवे रोखे विकून त्यांची परतफेड केली जाते. त्यामुळे कर्ज पूर्ण कधी फिटणार हा प्रश्न इथे फारसा लागू पडत नाही. उत्पादनाच्या तुलनेत कर्जाचे प्रमाण वाढतच राहणार की कुठेतरी स्थिरावणार, हा खरा प्रश्न असतो.

त्याचे उत्तर दोन दरांच्या शर्यतीत आहे : कर्जावरचा व्याजदर आणि अर्थव्यवस्थेच्या वाढीचा दर. समजा, एखाद्या देशाचे कर्ज उत्पादनाच्या ८० टक्के आहे, त्यावर सरासरी ६ टक्के व्याज पडते आणि अर्थव्यवस्था, महागाई धरून, वर्षाला ४ टक्क्यांनी वाढते. अशा देशाला कर्जाचे प्रमाण आहे तिथे रोखून धरण्यासाठीदेखील, व्याज सोडून बाकीचा सगळा खर्च भागवल्यावर, दरवर्षी उत्पादनाच्या सुमारे दीड टक्का रक्कम शिल्लक टाकावी लागते. या शिलकीला प्राथमिक शिल्लक म्हणतात. हा दीड टक्का लक्षात ठेवावा, लेखाच्या शेवटी तो पुन्हा लागणार आहे.

कर्ज अमुक टक्क्यांच्या वर गेले की देश बुडतो, अशी रेषा कुठेही आखलेली नाही. युरोपीय देशांनी १९९२ च्या मास्ट्रिक्ट करारात कर्जासाठी ६० टक्के आणि तुटीसाठी ३ टक्के अशा मर्यादा घालून घेतल्या. त्या एकमेकींशी जुळतात त्या, वाढीचा दर महागाईसह ५ टक्के धरला तरच : तेव्हाच दरवर्षी ३ टक्के तूट होऊनही कर्ज ६० टक्क्यांवर स्थिर राहते. अर्जेंटिनाने २००१ च्या अखेरीस परतफेड थांबवली, तेव्हा त्या देशाचे कर्ज उत्पादनाच्या ६० टक्क्यांच्या आतच होते. जपानचे कर्ज २०० टक्क्यांच्या वर गेले आणि तरीही त्याच्या रोख्यांना गिऱ्हाईक मिळत राहिले. अर्जेंटिनाचे बहुतांश देणे परकीय चलनात होते, जपानचे स्वतःच्या चलनात आणि मुख्यतः देशातल्याच बँका, विमा कंपन्या व मध्यवर्ती बँकेकडे. कोणाकडून, कोणत्या चलनात आणि किती विश्वासावर उसने घेतले आहे, हे आकड्याइतकेच महत्त्वाचे असते.

खर्चाच्या कार्यक्षमतेचा संबंध इथे येतो, आणि तो एकाच बाजूने येत नाही. तेच काम कमी पैशात झाले तर तूट घटते, हे उघड आहे. रस्ते, शाळा, आरोग्य यांवरचा खर्च कारणी लागला तर वाढीचा दर सुधारतो आणि शर्यतीतला दुसरा दर वर जातो. शिवाय सरकारच्या हिशेबावर लोकांचा भरवसा बसला की रोखे कमी व्याजावर विकले जातात. नुसती कपात यांपैकी फक्त पहिले काम करते आणि कित्येकदा दुसरे बिघडवून ठेवते.

स्वस्त, कार्यक्षम आणि परिणामकारक

लेखापरीक्षक तीन प्रश्न वेगळे ठेवतात. वस्तू वाजवी दरात घेतली का? त्या वस्तूतून जास्तीत जास्त काम काढले का? आणि ज्यासाठी हे सारे केले ते साधले का? तिन्ही प्रश्नांची उत्तरे एकाच दिशेने जातील असे नाही.

देवीच्या रोगाचे निर्मूलन हे याचे फार बोलके उदाहरण आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९६७ मध्ये मोहीम तीव्र केली, तेव्हा मुख्य भर सरसकट लसीकरणावर होता आणि प्रगती मोजली जात होती ती दिलेल्या लसींच्या संख्येवर. पुढे कार्यकर्त्यांच्या ध्यानात आले की लोकसंख्येच्या मोठ्या भागाला लस टोचूनही दाट वस्तीत रोग रेंगाळतो. मग रुग्ण शोधायचा, त्याला वेगळे ठेवायचे आणि त्याच्या संपर्कातल्या व आसपासच्या माणसांना तातडीने लस द्यायची, असा मार्ग धरला गेला. मोजमाप बदलले : किती लसी दिल्या याऐवजी किती ठिकाणी रोग उरला. नैसर्गिक लागणीचा शेवटचा रुग्ण १९७७ मध्ये सोमालियात सापडला आणि १९८० मध्ये निर्मूलन जाहीर झाले. साऱ्या मोहिमेला सुमारे ३० कोटी डॉलर लागले, आणि लसीकरण व उपचारांवरचा दरवर्षीचा १०० कोटी डॉलरहून अधिक खर्च कायमचा वाचला, असा हिशेब सांगितला जातो. दिलेल्या लसींच्या संख्येवरच कोणी समाधान मानले असते, तर मोहीम कागदावर यशस्वी ठरली असती आणि रोग तसाच राहिला असता.

‘सगळे पैसे खाल्ले जातात, दुसरे काय?’

हा आक्षेप सर्वांत आधी येतो आणि तो निराधार नाही. टांझानियात २०१६ मध्ये पगारपत्रकाची छाननी झाली, तेव्हा प्रत्यक्षात अस्तित्वातच नसलेली दहा हजारांहून अधिक नावे सापडली. भ्रष्टाचाराचा पाठपुरावा झालाच पाहिजे. पण वाया जाणारा सगळा पैसा कुणाच्या तरी खिशात जातो, हे गृहीतक तपासून पाहण्यासारखे आहे.

ओरियाना बांदिएरा, आंद्रेआ प्रात आणि तोमासो वॅलेट्टी या अर्थतज्ज्ञांनी इटलीतल्या सरकारी कार्यालयांची खरेदी तपासली आणि २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांनी कागद, टेबले, संगणक अशा साध्या वस्तू निवडल्या, ज्यांत दर्जाचा फरक सांगून दराचा फरक झाकता येत नाही. सारख्याच वस्तूला काही कार्यालये सातत्याने इतरांपेक्षा जास्त मोजत होती. ती लाचेपोटी मोजत होती की हलगर्जीपणामुळे, हे ओळखण्यासाठी त्यांनी एक उत्तम खूण वापरली. इटलीत एक केंद्रीय खरेदी संस्था होती. ती पुरवठादारांशी दर ठरवून ठेवी आणि कार्यालयांना हवे तर त्या दराने माल घेता येई. ज्या अधिकाऱ्याला व्यवहारात आपला वाटा हवा आहे, तो असा ठरलेला दर टाळेल. ज्याला केवळ दरांची चौकशी करण्याची यातायात नको आहे, तो मात्र खुशीने तिथूनच घेईल. पूर्वी चढा दर मोजणारी कार्यालयेच त्या ठरलेल्या दरांकडे वळलेली दिसली. अभ्यासकांच्या हिशेबाने एकूण नासाडीपैकी ८३ टक्के नासाडी अशी होती, जिच्यातून कोणाही अधिकाऱ्याचा फायदा होत नव्हता.

हा आकडा एका देशाचा आणि विशिष्ट वस्तूंचा आहे, तो जसाच्या तसा दुसरीकडे लावता येणार नाही. तरी त्यातून निघणारा बोध मला फार मोलाचा वाटतो. चोरी पकडण्यासाठी आपण नियम वाढवतो : आणखी एक सही, आणखी एक मंजुरी, आणखी एक प्रमाणपत्र. त्यातून खरेदी लांबते, देयके थकतात, चांगले पुरवठादार निविदा भरायचे सोडून देतात आणि जे उरतात ते उशिराची किंमत आधीच दरात धरून ठेवतात. आठ सह्यांच्या फाइलवर प्रत्येक जण आपली सही नियमात बसते का एवढेच पाहतो, आणि त्या वस्तूला एवढे पैसे का, हे विचारण्याची जबाबदारी आठांपैकी कोणाचीच उरत नाही.

वर्षाचा शेवटचा आठवडा

नासाडी कशी घडते हे जवळून पाहायचे, तर आर्थिक वर्ष संपत आलेल्या एखाद्या कार्यालयात जावे. मंजूर निधीपैकी बरीच रक्कम उरलेली आहे. वर्ष संपले की ती परत जाणार, आणि परत गेली की ‘यांना एवढ्याची गरजच नव्हती’ असे म्हणून पुढच्या वर्षीची तरतूद कमी होणार. टेबलापलीकडचा अधिकारी लबाड नाही, उलट आपल्या खात्याची काळजी वाहणारा आहे. तो कपाटातले जुने प्रस्ताव काढतो, जो पुरवठादार आठवड्याभरात माल देऊ शकेल त्याला गाठतो आणि पैसे खर्ची टाकतो. प्रत्येक कागद नियमाला धरून असतो.

जेफ्री लीबमन आणि नील महोनी या अर्थतज्ज्ञांनी अमेरिकेच्या केंद्र सरकारची २००४ ते २००९ या वर्षांतील खरेदी तपासली, तेव्हा वर्षाच्या शेवटच्या आठवड्यातला खर्च इतर आठवड्यांच्या सरासरीच्या जवळजवळ पाचपट निघाला. त्या आठवड्यात ठरवलेल्या माहिती-तंत्रज्ञान प्रकल्पांचा दर्जाही इतर प्रकल्पांपेक्षा स्पष्टपणे खालावलेला होता. तिथल्या न्याय विभागाला मात्र उरलेला निधी माहिती-तंत्रज्ञानासाठी पुढच्या वर्षी वापरण्याची खास मुभा होती, आणि त्या विभागात वर्षअखेरची ही उसळी अगदी लहान आढळली. माणसे तशीच होती, फरक नियमाचा होता. काही अटींवर निधी पुढे नेऊ देणे, ही मला खर्च सुधारण्याच्या सर्वांत स्वस्त उपायांपैकी एक गोष्ट वाटते.

न केलेली दुरुस्ती हेही कर्जच

तूट कमी दाखवायची असली की सर्वांत आधी हात जातो तो देखभालीवर, कारण पगार थांबवले तर त्याच महिन्यात ओरड होते आणि छप्पर मात्र गप्प बसते. ब्रिटनमध्ये १९५० च्या दशकापासून पुढे अनेक सार्वजनिक इमारतींच्या छपरांसाठी हवेच्या बुडबुड्यांचे हलके काँक्रीट वापरले गेले. त्याचे आयुष्य साधारण तीस वर्षांचे समजले जाते. २०१८ मध्ये केंट परगण्यात एका शाळेचे असे छप्पर कोसळले. सुट्टीचा दिवस होता म्हणून जीवितहानी टळली. ऑगस्ट २०२३ च्या शेवटी, नवे सत्र अवघ्या काही दिवसांवर आले असताना, शंभरहून अधिक शाळांना इमारतींचे भाग बंद करायला सांगण्याची वेळ सरकारवर आली. वर्षानुवर्षे पुढे ढकललेल्या कामाचे देणे असे एकदम समोर आले.

रोख पैशांवर आधारलेल्या हिशेबात पुढे ढकललेली दुरुस्ती ‘बचत’ म्हणून दिसते, हा त्यातला दोष आहे. न्यूझीलंडने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून सरकारचा ताळेबंद वेगळ्या पद्धतीने मांडायला घेतला : इमारतींची झीज, भावी निवृत्तिवेतनाचे देणे, सारे त्या त्या वर्षीच नोंदवायचे. झीज कागदावर आली की ती लपवता येत नाही.

नव्या प्रकल्पांची कथा याहून वेगळी नाही. नाणेनिधीच्या २०१५ च्या अभ्यासानुसार सार्वजनिक गुंतवणुकीतून मिळू शकणाऱ्या लाभापैकी सरासरी ३० टक्के लाभ प्रकल्पांची निवड, आखणी आणि अंमलबजावणी यांतल्या ढिसाळपणामुळे हातचा जातो. सिडनीच्या ऑपेरा हाउसचे काम आराखडे पुरे होण्याआधी, १९५९ मध्येच सुरू केले गेले. ७० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरांचा अंदाज १० कोटी २० लाखांवर गेला आणि वास्तू १९७३ मध्ये खुली झाली. आज ती जगाला प्रिय आहे हे खरे, पण असे भाग्य अंदाज चुकलेल्या फार थोड्या प्रकल्पांच्या वाट्याला येते.

‘मग गरिबांची अनुदानेच बंद होणार ना?’

अनुदानाचा लाभ कोणाला होतो, हे आधी पाहावे. इंधनाचा दर सर्वांसाठी कमी ठेवला तर जो जास्त इंधन जाळतो त्याला जास्त मदत मिळते. विकसनशील देशांच्या पाहणीत असे आढळले आहे की अशा अनुदानातला सर्वांत श्रीमंत पंचमांश लोकांचा वाटा सर्वांत गरीब पंचमांश लोकांच्या वाट्याच्या सुमारे सहापट असतो. तरीही दर अचानक वाढवले तर पहिला फटका गरिबालाच बसतो, कारण त्याच्या हातात सोसण्याइतकी शिल्लक नसते. म्हणून क्रम महत्त्वाचा आहे. इराणने २०१० मध्ये दर वाढवण्याआधीच कुटुंबांच्या खात्यांत रोख रक्कम जमा केली आणि मग दर वाढवले. पुढे ती रक्कम महागाईप्रमाणे वाढवली गेली नाही आणि तिचे मोल झिजत गेले, हा त्यातला दुसरा धडा.

फक्त गरजूंनाच मदत द्यावी, हे तत्त्व ऐकायला निर्दोष वाटते. व्यवहारात गरजू ओळखण्यासाठी जी कागदपत्रे मागितली जातात, ती गोळा करणे सर्वांत गरजू माणसालाच सर्वांत कठीण जाते. छाननीत अपात्र माणूस किती वगळला गेला, याबरोबरच पात्र माणूस किती सुटला, हेही मोजले गेले नाही, तर त्या बचतीला कार्यक्षमता म्हणणे मला मान्य नाही.

कात्री कुठे लावायची, हे ठरवायचे कसे?

सर्व खात्यांना सरसकट पाच टक्के कपात, हा सोपा मार्ग आहे आणि अन्यायाचाही, कारण ज्या खात्याने आधीच काटकसर केली त्याच्याकडे कापण्यासारखे काही उरलेले नसते. दुसऱ्या टोकाला दरवर्षी प्रत्येक खर्चाचे शून्यापासून समर्थन मागण्याची पद्धत आहे. अध्यक्ष जिमी कार्टर यांनी ती १९७७ मध्ये अमेरिकेच्या केंद्र सरकारात आणली. कागदांचे ढीग वाढले आणि १९८१ मध्ये ती सोडून देण्यात आली.

मधला मार्ग आहे तो निवडक खर्चांच्या सखोल फेरआढाव्याचा. नेदरलँड्समध्ये तो १९८१ पासून चालत आला आहे. कॅनडात १९९० च्या दशकाच्या मध्याला केंद्र सरकारच्या महसुलातला एक तृतीयांशाहून अधिक हिस्सा व्याजातच जात होता. पंतप्रधान जाँ क्रेतिएँ आणि अर्थमंत्री पॉल मार्टिन यांच्या सरकारने १९९४ मध्ये प्रत्येक कार्यक्रमाला सहा प्रश्न विचारायला सुरुवात केली : यात अजून लोकहित आहे का, हे सरकारनेच करायला हवे का, केंद्राने की प्रांताने, इतरांच्या साहाय्याने होईल का, आणखी चांगल्या रीतीने होईल का, आणि झेपेल का. काही खात्यांचा खर्च निम्म्यावर आला, काहींचा जवळपास तसाच राहिला. १९९७-९८ मध्ये तूट संपली. मात्र प्रांतांना आरोग्य आणि शिक्षणासाठी जाणारा निधीही याच काळात कापला गेला, आणि त्याचा ताण तिथल्या सेवांवर पडला. केंद्राचा हिशेब सुधारताना काही ओझे दुसऱ्याच्या खांद्यावर गेले, हेही नोंदवले पाहिजे.

जाहीर झालेल्या बचतीवर डोळे झाकून विश्वास ठेवणेही योग्य नाही. ब्रिटनने २००४ मध्ये कार्यक्षमतेची मोठी मोहीम हाती घेतली. तिथल्या लेखापरीक्षण कार्यालयाने २००७ मध्ये दावे तपासले, तेव्हा १३३० कोटी पौंडांच्या जाहीर बचतीपैकी सुमारे चौथा हिस्साच खात्रीलायक निघाला. उरलेल्यात मोजणीचे प्रश्न होते किंवा आकडा चुकीचा असण्याची शक्यता होती. सेवेचा दर्जा आधी मोजलाच नसेल, तर खर्च कमी झाला की सेवा घटली, हे सांगता येत नाही.

वेळ चुकली तर?

मंदीत लोक खर्च आवरतात. त्याच वेळी सरकारनेही हात आखडला तर उत्पादन आणखी घसरते आणि कर्जाचे प्रमाण कमी होण्याऐवजी चढते. युरोपातल्या २०१० नंतरच्या कर्जसंकटात, कपातीचा हा फटका अंदाजात कमी धरला गेला होता, असे नाणेनिधीनेच २०१२ मध्ये मांडले. नासाडी थांबवण्याचे काम कधीही करावे, एकूण खर्च घटवण्याची वेळ मात्र पाहावी.

एवढ्याने भागेल का?

आता तो दीड टक्का पुन्हा घेऊ. समजा, सरकारचा एकूण खर्च उत्पादनाच्या ३० टक्के आहे, प्राथमिक शिल्लक आज शून्य आहे आणि खर्चातली विसाव्या हिश्शाची नासाडी थांबवता आली. वाचलेली रक्कम बरोबर दीड टक्का भरते, म्हणजे एकही सेवा बंद न करता कर्जाचे प्रमाण थोपवता येते. कार्यक्षमतेचे बळ एवढे मोठे आहे.

मर्यादाही तितकीच खरी आहे. अशी बचत एकदा होते, तर काही खर्च दरवर्षी वाढत जातात. अर्थतज्ज्ञ विल्यम बॉमोल यांनी १९६० च्या दशकात दाखवले की कारखान्यात एक कामगार पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक वस्तू बनवू लागतो, पण शिक्षिकेला वर्गासाठी आणि परिचारिकेला रुग्णासाठी जवळजवळ पूर्वीइतकाच वेळ द्यावा लागतो. पगार मात्र साऱ्या समाजाबरोबर वाढतात, म्हणून या सेवा इतर वस्तूंच्या तुलनेत महाग होत जातात, त्यात कोणाचीही हयगय नसताना. त्यात लोकसंख्येचे वय वाढल्याने निवृत्तिवेतन आणि उपचारांचा खर्च उत्पादनाच्या पाव टक्क्याने जरी दरवर्षी वाढत गेला, तरी तो दीड टक्का सहा वर्षांत संपतो.

त्या सहा वर्षांत कर किती घ्यायचा, निवृत्तीचे वय काय ठेवायचे, कोणती सेवा सर्वांना द्यायची, हे निर्णय लोकांसमोर मांडून घ्यावे लागतात, आणि ते पूर्णपणे लागू व्हायला सहा वर्षांहून कितीतरी जास्त अवधी लागू शकतो. अमेरिकेने पूर्ण निवृत्तिवेतनाचे वय ६५ वरून ६७ करण्याचा कायदा १९८३ मध्ये केला. कोणाचीही आखणी ऐनवेळी कोलमडू नये म्हणून तो टप्प्याटप्प्याने लागू झाला. पूर्ण ६७ वर्षांची अट लागू होणारे पहिले लोक १९६० मध्ये जन्मलेले आहेत, आणि ते त्या वयाला पोहोचतात २०२७ मध्ये.